चॉकलेटचा थर दिलेली बदामाची टॉफी: आपले अनुभव येथे सांगावेत

या टॉफीचे साहित्य सर्वांकडे जवळजवळ सारखेच असते: वजनाने समसमान बटर आणि साखर, थोडे पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेले बदाम आणि वर चॉकलेट. तरीही एकाची टॉफी कुरकुरीत होते आणि दुसऱ्याची दाताला चिकटते. म्हणून पाककृतीपेक्षा काय बिघडले आणि ते कसे सावरले, हे लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते. पाणी आटेपर्यंत मिश्रण ११०–११५ अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ रेंगाळते, हे मला ठाऊक नव्हते. पारा अडकला असे समजून मी आच मोठी केली आणि पाहता पाहता बटर सुटून कडेने तरंगू लागले. सगळे टाकून दिले.

टाकायला नको होते, ताई. माझेही बटर असेच सुटले होते. आच मंद करून मी एकेक चमचा कढत पाणी घालत ढवळत राहिलो. तिसऱ्या चमच्याला मिश्रण पुन्हा एकजीव झाले. पाणी पडताच वाफ उसळते, त्यामुळे तोंड दूर ठेवावे. घातलेले पाणी आटवावे लागत असल्याने वेळ मात्र वाढतो.

माझी चूक रंगावर विसंबण्याची होती. सोनेरी दिसले म्हणून १३५ अंशांवरच पातेले उतरवले आणि टॉफी चिवट झाली. आता १४९–१५० अंशांखाली मी थांबत नाही. थर्मामीटरही एकदा उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीला तो १०० दाखवायला हवा, माझा ९६ दाखवत होता! थर्मामीटर नसेल, तर थेंब गार पाण्यात सोडावा: तो वाकला तर पाक कच्चा, कट्कन मोडला तर तयार. शेवटचे दहा अंश फार भराभर चढतात; तेवढ्यात दार उघडायलासुद्धा जाऊ नये.

माझ्या टॉफीवरचे चॉकलेट तुकडे करताना पापुद्र्यासारखे निघून येई. टॉफीच्या पृष्ठभागावर बटरचा तुपकट पातळ थर राहतो, त्यावर ते धरत नाही, हे फार उशिरा लक्षात आले. आता टॉफी ओतून जरा थिजली की कागदी रुमालाने तो थर अलगद टिपते, ती गरम असतानाच चॉकलेटचे बारीक तुकडे पसरते, पाच मिनिटांनी चमच्याच्या पाठीने सारखे करते आणि बदामाचा भरडा दाबून बसवते. नंतर चॉकलेटवर पांढुरके पट्टे उमटले, तर ते कोकोबटर वर आल्याने असतात. खायला काही हरकत नसते. पट्टे टाळायचे असल्यास डार्क चॉकलेट ४५ अंशांवर वितळवून, २७–२८ पर्यंत निववून, पुन्हा ३१–३२ वर आणून पूर्ण गार टॉफीवर लावावे. हा खटाटोप मी दोनदा केला. आता भरड्याने पट्टे झाकते.

फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला आणि टॉफीला पाणी सुटले. साखर हवेतला ओलावा ओढते. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा बाहेरच ठेवतो.

चव पाहायला बोट लावू नये, एवढेच मी सांगेन. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटून बसतो. मी २० मिनिटे बोट नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरले, तरीही फोड आलाच. पातेल्याला चिकटलेला पाक मात्र त्यातच पाणी उकळले की आपोआप सुटतो.