नऊवारीतला जुना फोटो रंगवताना कुंकू काळं, हात करडे

चरईकर:
४×६ इंचाचा कृष्णधवल फोटो आहे, १९५० च्या आसपासचा, मासुंदा तलावाच्या काठावर काढलेला. आजी नऊवारीत, आजोबा कोट-टोपीत. फोटोशॉपच्या न्यूरल फिल्टरमधलं कलराइझ (आपोआप रंग भरणारं) लावलं. चेहरे बरे आले, पण हात करडेच राहिले, कुंकू काळं आणि जरीचा काठ खाकी. १२×१८ ची प्रिंट काढायची आहे. कुठे चुकतंय?

ऐरोलीकर:
आधी स्कॅन नीट करा. ४×६ चं १२×१८ म्हणजे तिप्पट. प्रिंटला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) हवा तर स्कॅन किमान ९०० चा, म्हणून १२०० वर ठेवा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच, ४८ बिट, टिफ. मग फोटोशॉपमध्ये चॅनल (रेड, ग्रीन, ब्लू असे तीन वेगळे थर) उघडून बघा: पिवळे डाग ब्लूमध्ये गडद दिसतात, रेडमध्ये जवळजवळ पुसले जातात. रेडच घ्या. चरे आणि ठिपके आधीच काढा, नाहीतर फिल्टर त्यांनाही रंग देतो.

हातांसाठी वर एकाच रंगाचा थर, म्हणजे सॉलिड कलर लेयर, त्याचा मोड कलर, मास्क काळा म्हणजे थर पूर्ण झाकलेला. पांढऱ्या ब्रशने फक्त त्वचा उघडा. गव्हाळ वर्णाला इन्फो पॅनेलमधल्या सीएमवायके (छपाईच्या शाईच्या) आकड्यांत यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त हवा, सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. एकच रंग सगळीकडे फासला की मेणाचा पुतळा होतो. कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं, गाल यांवर वेगळ्या लेयरने जराशी तांबूस छटा द्या, १०-१५ टक्के पुरे.

घोडबंदर_रोड:
कलर मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो, म्हणून पार काळ्यावर किंवा पांढऱ्यावर रंग चढत नाही. त्यात फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर तिला लाल दिसतच नाही, कुंकू आणखी काळं उतरतं. कर्व्ह्जने (उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तेवढाच ठिपका उजळा, मग लाल भरा. जरीचं उलट आहे. तिची चकाकी पांढरीफटक असते, तिथे फिका सोनेरी मल्टिप्लाय मोडमध्ये (हा खालचं गडद करत रंग चढवतो), साधारण ३० टक्के.

लुगड्याचा रंग मात्र करड्यावरून कळत नाही. हिरवं, लाल, जांभळं एकाच करड्यात उतरू शकतात. घरातल्या मोठ्यांना विचारा. लुगडं ट्रंकेत असेल तर दिवसाउजेडी त्याचा फोटो काढून रंग तिथून उचला. कोणालाच आठवत नसेल तर प्रिंटच्या मागे पेन्सिलीने ‘रंग अंदाजाने’ असं लिहाच. नातवंडं तोच खरा धरतील.

चरईकर:
लुगडं मावशीकडे आहे, मागवतो. अजून एक, स्कॅनमध्ये कडांना निळसर चंदेरी चमक येते. आणि एक कोपरा फ्रेमच्या काचेला चिकटलाय.

ऐरोलीकर:
ती जुन्या फोटोमधलीच चांदी, वर आलेली. स्कॅनरचा दिवा तिच्यावरून परततो. कोपरा अजिबात ओढू नका, चित्राचा थर काचेवरच राहील. काचेसकट कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढा: दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकेक दिवा, खोलीत बाकी अंधार, कॅमेऱ्यामागे काळं कापड.