हयातीच्या दाखल्याच्या नावानं फोन यायलेत, आण्णांना कसं समजवायचं?

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतनं हेडमास्तर म्हणून रिटायर झालेत, पेन्शन चालू हाय, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी रंकाळ्याला चक्कर असते. गेल्या आठवड्यात त्यांना फोन आला, समोरचा एकदम शुद्ध मराठीत, "सर, कोषागार कार्यालयातून बोलतोय, आपला हयातीचा दाखला सिस्टीमला दिसत नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल, आपल्याला या वयात हेलपाटा नको म्हणून आत्ता ऑनलाईनच करून देतो, मोबाईलवर एक नंबर येईल तेवढा वाचून दाखवा." त्याला आण्णांचं पूर्ण नाव, रिटायर झालेली तारीख, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या ऑर्डरचा नंबर), सगळं पाठ. मेसेज आला पण आण्णांना चष्मा सापडेना म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, वाचतोय तर तो मोबाईल बँकिंग चालू करायचा ओटीपी! मी फोन कट केला. दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन, आता आवाज चढवून, "सर तुमच्या मुलामुळं तुमची पेन्शन अडकली, मी जबाबदार नाही."

आता घरात वेगळाच विषय झालाय. आण्णांचं म्हणणं, पीपीओ नंबर ऑफिसशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि दुसरं म्हणजे माणूस एवढं सर सर म्हणून बोलतोय तर त्याचा फोन मधेच कसा आपटायचा, ते बरं दिसत नाही. सारखं मागं लागलो तर त्यांना वाटतं पोरगं आता आपल्याला येडं समजायलंय. मी दिवसभर दुकानात असतो, घरी ते आणि आई दोघंच. कसं सांगू त्यांना? आणि उद्या चुकून नंबर सांगितलाच तर पहिलं काय करायचं? ज्यांना अनुभव हाय त्यांनी प्लीज सांगा.

शाहूपुरीचा_कॅशियर
दादा, मी बँकेतनं रिटायर झालोय, काउंटरवर आयुष्य गेलं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, आण्णांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, माहिती कुठनं गेली हे शोधत बसू नका, ते सापडत नाही. सिमकार्ड घेताना, कर्ज काढताना, हप्त्यावर टीव्ही घेताना, लॉजवर उतरताना आपण किती ठिकाणी झेरॉक्स देतो ते आठवा. पेन्शनर लोकांच्या बाबतीत रिटायरमेंटची तारीख आणि पीपीओ नंबरसकट माहिती घेऊनच हे लोक फोन करतात, तोच त्यांचा हुकमी पत्ता. तेव्हा त्याला माझी माहिती हाय म्हणजे तो ऑफिसचाच, हा हिशोब आण्णांनी डोक्यातनं काढून टाकावा. ओळख त्यानं पटवायची नसते, आपण पटवून घ्यायची असते, आणि ती त्याच्या फोनवर कधीच पटत नाही. फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. गुगलवर शोधलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर नको, तिथंही खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात.

दुसरं, हयातीचा दाखला फोनवर बोलून, नंबर सांगून होतच नाही. राज्य शासनाच्या पेन्शनरांची यादी नोव्हेंबरात बँकेच्या ब्रँचला असते, तिथं जाऊन सही करायची. नाहीतर जीवन प्रमाण आहे, म्हणजे आधारवरनं निघणारा ऑनलाईन दाखला, त्याला आपला अंगठा नाहीतर चेहरा लागतो, म्हणजे आपण स्वतः तिथं पाहिजे, पोस्टमनसुद्धा घरी येऊन करून देतो. लांब बसलेला माणूस ओटीपी घेऊन आपण जिवंत असल्याचा दाखला कसा काय काढणार? हे एवढं आण्णांना पटेल, मास्तर माणूस हाय.

आणि तुम्ही त्या दिवशी मेसेज वाचला तेच बरोबर केलंत. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी हाय ते लिहिलेलं असतं. लोक नुसते आकडे वाचून दाखवतात, वरची ओळ कुणी वाचत नाही.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम बघा. आपली काही चूक नसताना, बँकेकडनंही नाही पण मधल्या कुठल्या यंत्रणेतनं गळती होऊन पैसे गेले, आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासनं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य. पण ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे जाईल ते आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तोंड लपवून घरात बसलं की नुकसान वाढत जातं. माझ्या नोकरीत कितीतरी लोक दोन दोन दिवसांनी यायचे, का तर घरच्यांना काय सांगू म्हणून. आण्णांना हेच सांगून ठेवा की काही झालं तरी कुणी रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

पन्हाळा_रोड
एवढं कशाला, फोन कुणाचा ते दाखवणारं ट्रूकॉलर ॲप टाका, अनोळखी नंबर सगळे ब्लॉक. विषय संपला.

राजारामपुरी_१०वी_गल्ली
@पन्हाळा_रोड, नाही वो, विषय संपत नाही त्यानं. माझ्या सासऱ्यांचं आम्ही तसंच केलेलं, तर लॅबवाल्याचा रिपोर्टचा फोन लागेना, गॅसवाला दारात येऊन परत गेला. आणि ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांनीच ठेवलेलं असतं, तिथं बँक मॅनेजर असं पण दिसू शकतं, मग म्हातारी माणसं आणखीनच विश्वास ठेवतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की ग्राहकांना कामाचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरनं करा आणि जाहिरातीचे १४० वाल्या. हे चांगलंच हाय, साध्या दहा आकडी मोबाईलवरनं बँकेचा म्हणून फोन आला की लगेच संशय घ्यायचा. पण १६०० दिसला म्हणून ओटीपी सांगायचा असं मुळीच नाही.

दादा, तुमच्या घरापेक्षा वाईट प्रकार आमच्या शेजारी झाला तो सांगते. शेजारच्या मावशी, एकट्याच असतात दिवसभर, सून नोकरीला. त्यांना व्हिडिओ कॉल, समोर पोलिसाचा ड्रेस घातलेला माणूस, मागं भिंतीवर बोर्ड, झेंडा, सगळं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरनं उठायचं नाही, कुणाला सांगितलं तर मुलालाही आत टाकू. मावशी आतल्या खोलीत कडी लावून बसल्या, दुपारचं जेवण नाही, देवाजवळचा दिवा नाही. मग त्यांनी एफडी मोडून पैसे पाठवायला सांगितलं, मावशी फोन पिशवीत चालू ठेवून ब्रँचला गेल्या. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, मावशी एवढी मोठी रक्कम, कुणाला पाठवताय? मावशी काही बोलेनात, नुसता हात थरथरायला लागला. त्या पोरीनं फॉर्म बाजूला ठेवला, त्यांना आत नेऊन पाणी दिलं आणि सुनेचा नंबर मागितला. पैसे वाचले. त्या पोरीला आजही आमची गल्ली नाव काढते.

डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नाहीच. कुठलाही पोलीस, सीबीआय, ईडी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरनं हेच सांगितलं होतं. पण मला त्यातली सगळ्यात ओळखायची खूण वाटते ती म्हणजे "घरात कुणाला सांगू नका". हे वाक्य ऐकलं की पहिलं घरातल्याला हाक मारायची, असं आम्ही सगळ्या गल्लीतल्या बायकांनी ठरवूनच टाकलंय.

आण्णांच्या स्वभावाचं म्हणाल तर त्यांना फोन आपटायला सांगूच नका, त्यांना ते जमणार नाही आणि त्यांना लाज वाटेल असं का करायचं. त्यांना एकच वाक्य द्या, "बरं साहेब, मी उद्या ब्रँचला येऊन करतो", आणि ठेवायचा. पलीकडचा काय म्हणतो ते ऐकायला थांबायचं नाही. उलट बोलणं नाही, अपमान नाही. आपल्या कोल्हापुरात ब्रँच कुठं लांब हाय, चालत जाता येतं, आणि खरं काम असेल तर ते उद्यापर्यंत थांबतंच.

गंगावेस_मोबाईल
माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान हाय, रोज अशी एकदोन माणसं येत्यात म्हणून लिहितो. नुसता ओटीपीच न्हाई, आता वेगवेगळं निघालंय. कुरिअरवाला बोलतोय म्हणून सांगतो, पार्सल कन्फर्म करायला स्टार २१ स्टार आणि हा नंबर लावा. लावला की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडं वळले, मग बँकेचा ओटीपी फोन करून येणार असला तरी तोच ऐकणार. तपासायला स्टार हॅश २१ हॅश लावा, कॉल वळवलेत का दिसतं. बंद करायला हॅश हॅश ००२ हॅश. आण्णांच्या फोनवर आजच बघा.

दुसरं म्हणजे एनीडेस्क, क्विकसपोर्ट असली ॲप कुणी फोनवर टाकायला सांगितली तर टाकायची न्हाईत. ॲप चांगली हायत, कंपन्यांची पोरं कामाला वापरत्यात, पण ती टाकून परमिशन दिली की तुमची स्क्रीन त्याला दिसते, मग ओटीपी विचारायची पण गरज न्हाई. तसंच व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, लाईट बिल म्हणून एपीके फाईल येते, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी, ती उघडायची न्हाई. महावितरणचा मेसेज एमएसईडीसीएल नावानं येतो, "आज रात्री लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा" असा दहा आकडी नंबरवरनं आला तर डिलीट मारा. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत न्हाई, पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे चाललेत.

आण्णांचं आधार बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा-चेहऱ्याची ओळख, लॉक करून ठेवा, एमआधार ॲपवरनं किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर होतं, फुकट हाय. आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्यांच्या नावावर किती सिम हायत ते दिसतं, आपलं नसेल ते तिथंच कळवायचं. तिथंच चक्षू म्हणून भाग हाय, असले फोन आले की पैसे गेले नसले तरी नंबर कळवायचा. लोक आळस करत्यात, पण कळवलं की तो नंबर बंद व्हायची शक्यता असते आणि पुढचा म्हातारा वाचतो.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन हाय. बँकेला नंतर करू, उद्या स्टेशनला जाऊ, असं न्हाई. चोर पैसे या खात्यातनं त्या खात्यात पळवत असतो, १९३० वर तक्रार पडली की ती त्या त्या बँकेला जाते आणि जिथं पैसे सापडतील तिथं अडवत्यात. जेवढा उशीर तेवढं अवघड.

मंगळवारपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार. @राजारामपुरी_१०वी_गल्ली ताई, तुमचं ब्रँचला येतो वालं वाक्य आण्णांना एकदम पटलं, म्हणाले हे मला जमंल. @कॅशियर काका, तुमचं आख्खं वाचून दाखवलं, पीपीओ नंबरवर जरा वाद घातला पण दाखल्याचं ऐकून गप्प झाले. फोन तपासला, कॉल वळवलेले न्हाईत. दोन शंका. १९३० ला फोन केला की काय काय विचारतात, म्हणजे आईला एका कागदावर लिहून देतो. आणि आधार लॉक केलं तर नोव्हेंबरात दाखल्याला अडचण यील काय?

शाहूपुरीचा_कॅशियर
कागदावर खाते नंबर, बँक आणि ब्रँचचं नाव, आण्णांचा रजिस्टर मोबाईल नंबर आणि बँकेचा कार्डामागचा नंबर एवढं लिहून ठेवा. पिन, पासवर्ड चुकून पण लिहू नका. १९३० वर ते रक्कम, वेळ आणि ट्रान्झॅक्शन नंबर विचारतात, यूपीआयचा तो बारा आकडी असतो, मेसेजमध्ये मिळतो, म्हणून घाबरून मेसेज डिलीट करायचे नाहीत. तक्रारीचा नंबर मिळाला की जपून ठेवायचा, पुढं सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर आणि सायबर पोलीस स्टेशनला तोच लागतो. आईनं १९३० लावलेला असतानाच तुम्ही दुकानातनं बँकेला फोन करून खातं ब्लॉक करायला सांगा, दोन्ही एकदम झालं पाहिजे.

दाखल्याचं म्हणाल तर ब्रँचला जाऊन यादीत सही करणार असाल तर आधार लॉक असलं तरी काही फरक पडत नाही. जीवन प्रमाण करायचं असेल तरच त्या दिवसापुरतं अनलॉक करा, काम झालं की परत लॉक. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रँचला लई गर्दी असते, आण्णांना दुसऱ्या आठवड्यात सकाळी घेऊन जा, पासबुक आणि पीपीओची झेरॉक्स बरोबर असू द्या.