रंकाळ्याची किंमत शून्य? मग हिशेब करूनच बोलूया

रंकाळाकाठ: काल इथं कुणीतरी लिहिलं, "कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याला तिकीट नाही, म्हणजे उत्पन्न नाही. त्यावरचा खर्च पाण्यात." वाचून डोकं सणकलं. 1947 मध्ये अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंगनं अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्रातून याचंच उत्तर सुचवलं होतं: उद्यानाभोवती अंतराचे पट्टे आखा, लोक पोचायला काय खर्च करतात ते बघा. समजा तीन पट्टे. जाऊन-येऊन माणशी खर्च 100, 200, 300 रुपये. हजार वस्तीमागं वर्षाला फेऱ्या 300, 200, 100. म्हणजे खर्च 400 झाला की फेऱ्या शून्य. पहिल्या पट्ट्यावर तिकीट चढवत गेलं तर 300 रुपयांना शेवटचा माणूसही यायचा थांबेल. तिकीट आणि फेऱ्यांचा आलेख काढला की त्रिकोण होतो, त्याचं क्षेत्रफळ हजार वस्तीमागं 45,000 रुपये. दुसऱ्यात 20,000, तिसऱ्यात 5,000. हे कुणाच्या गल्ल्यात पडत नाहीत, पण तळं सडलं तर तेवढं नुकसान होतंच.

ताळेबंद: कागदावर गोड आहे. सांगली-इचलकरंजीची माणसं अंबाबाईला येतात, जोतिबा करतात, वेळ उरला तर रंकाळा. सगळं पेट्रोल रंकाळ्याच्या नावावर? आणि शेजारच्या पेठेतला माणूस चालत येतो, त्याला खर्चच नाही; मग खर्च वाढला की फेऱ्या किती घटतात हे कुठून काढणार?

भेळ_कांदा_जास्त: कशाला एवढा घोळ? संध्याकाळच्या भेळगाड्यांची उलाढाल मोजा, झालं!

रंकाळाकाठ: तीच घोडचूक! भेळीचे पैसे ही भेळीची किंमत. रंकाळा नसता तर त्यानं दुसऱ्या चौकात खाल्ली असती.

भेळ_कांदा_जास्त: म्हणजे गाडीवाल्याचं पोट तुमच्या हिशेबात नाहीच? एसीत बसून त्रिकोण काढणं सोपं असतंय, भावा.

ताळेबंद: इथं मात्र रंकाळाकाठ बरोबर आहेत, नाइलाजानं मानतो. विक्रीतून चुरमुरे, फरसाण, गॅस, मजुरी वजा करा. उरलेला नफाही सगळा धरायचा नाही. गाडी दुसरीकडं लावून जेवढा कमी होईल, तेवढाच रंकाळ्याचा. उलाढाल आणि किंमत एकत्र मिळवली की आकडा फुगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

भेळ_कांदा_जास्त: मग नफ्याचा रकाना वेगळा ठेवा, पण ठेवा. पुसू नका.

रंकाळाकाठ: वेगळा ठेवू, कबूल. ताळेबंद, अंबाबाईचा मुद्दाही खरा. काठावर येणाऱ्यांकडून अर्ज भरून घ्यायचे, त्यात विचारायचं, "रंकाळा बंद असता तर आज कोल्हापूरला आला असता का?" "हो" म्हणणाऱ्याचा फक्त देवळापासून रंकाळ्यापर्यंतचा जादा खर्च धरा. गाडीत पाच जण आणि पेट्रोल 500, तर माणशी 100. दर अर्जावर 500 लिहिले की सगळं पाचपट. वर्षाला 300 वेळा येणारा 12 वेळा येणाऱ्यापेक्षा 25 पट जास्त वेळा तुमच्या हाती लागतो, म्हणून त्याला वजन कमी द्यायचं. पेठेतल्यांना थेट विचारा: "रंकाळा स्वच्छ राहावा म्हणून घरफाळ्यात वर्षाला इतके रुपये वाढले तर चालेल का? हो की नाही?" रक्कम घरागणिक बदलायची.

ताळेबंद: अर्धी पेठ म्हणेल, "घरफाळा भरतोय की, आणि कशाला?" ते शून्य धरणार?

रंकाळाकाठ: नाही. तो महापालिकेवरचा राग आहे, तळ्याची किंमत नव्हे. पुढं "का नाही?" विचारून ते अर्ज वेगळे काढायचे आणि किती निघाले ते अहवालात छापायचं.

ताळेबंद: छापणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त पहाटे चालणारे आणि रविवारी संध्याकाळी येणारे एकाच गठ्ठ्यात घालू नका.