झेंडा चढवायचा, फडकवायचा की वंदायचा?

लेखणी: एका इंग्रजी परिपत्रकाचा अनुवाद करतेय. त्यात 15 ऑगस्टला एक क्रियापद आहे नि 26 जानेवारीला दुसरं. पहिल्यात झेंडा खालून वर चढतो. दुसऱ्यात वर बांधून ठेवलेला झेंडा दोरी ओढून मोकळा करतात. मी दोन्हीकडे 'ध्वजारोहण' लिहिलं, तर तपासनिसांनी दुसऱ्याला लाल रेघ मारली. मराठीत वेगळे शब्द आहेत का?

कप्पी: आहेत की! खालून वर जातो ते आरोहण. वरच असलेला उलगडतो ते फडकवणं. लाल किल्ल्यावरचा आणि कर्तव्यपथावरचा सोहळा लागोपाठ पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. तपासनिसांचं बरोबर आहे.

मुद्रितशोधक: कर्तव्यपथावरची रीत मान्य. पण तोच नियम गावोगावच्या शाळांना लावू नका. 2002ची ध्वजसंहिता बघा, तारखेप्रमाणे क्रियापद बदला असं ती सांगत नाही. तिचा आग्रह वेगळा आहे: चढवताना झपकन, उतरवताना सावकाश आणि आदराने.

जुना विद्यार्थी: आमच्या शाळेत दोन्ही दिवशी एकच पद्धत. पीटीचे सर झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून सुरगाठ मारत आणि ती गुंडाळी कप्पीपर्यंत नेऊन ठेवत. पाहुण्यांनी दोरीला हिसका दिला की गाठ सुटायची. गाठ जास्त आवळली गेली तर सगळं मैदान श्वास रोखून उभं! आता सांगा, हे आरोहण की फडकवणं? आम्ही सरळ 'झेंडावंदन' म्हणायचो.

कप्पी: पाकळ्यांना संहितेचीही हरकत नाही. पण वंदन म्हणजे नमस्कार, ते झेंडा वर गेल्यानंतरचं काम. शिवाय झेंडा देशी, वंदन संस्कृत. असा धेडगुजरी समास निमंत्रणपत्रिकेत कशाला?

जुना विद्यार्थी: 'जरीपटक्या'तली जरी फारसीच ना? 'निशाण'ही तिकडूनच आलं. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही.

व्युत्पत्तीवेडी: मला तर झेंडा हा 'ध्वजदंड'चाच घासून गुळगुळीत झालेला मुलगा वाटतो. तसं असेल तर समास शुद्धच ठरला!

मुद्रितशोधक: ताई, तो तर्क झाला, पुरावा नाही. त्यापेक्षा पत्रिकांवरचं 'फडकावणे' आधी थांबवा. झेंडा फडकतो, आपण तो फडकवतो. 'फडकावली' म्हटलं की आमच्याकडे कानाखाली दिली असा अर्थ होतो.

कप्पी: आमच्याकडे झेंड्यालाही फडकावणेच म्हणतात. वर्तमानपत्रं उघडून पाहा.

लेखणी: त्याच परिपत्रकात पुढे राष्ट्रीय दुखवटा आहे. 'ध्वज अर्धा झुकवावा' चालेल?

मुद्रितशोधक: अजिबात नको! झुकवणं म्हणजे कुणापुढे तरी लववणं, आणि आपला राष्ट्रध्वज कुठल्याही व्यक्तीपुढे वा वस्तूपुढे लववायचा नाही, हा नियमच आहे. 'अर्ध्यावर उतरवणे' लिहा. कृतीही तशीच असते: आधी पार टोकापर्यंत न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली घ्यायचा.

जुना विद्यार्थी: संध्याकाळी काढायलाच हवा असं आता राहिलं नाही. जुलै 2022पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो.

व्युत्पत्तीवेडी: आणि म्हणूनच आता गॅलऱ्यांमधून विटलेले, कडा उसवलेले तिरंगे महिनोन्‌महिने दिसतात. बघवत नाहीत. फाटका झेंडा लावूच नये. त्याचं काय करायचं त्याला मराठीत चांगला शब्द आहे, 'विसर्जन'. तो का नाही वापरत?

मुद्रितशोधक: कारण नियमातली कृती वेगळी आहे. झेंडा अख्खाच्या अख्खा, खासगीत, शक्यतो जाळून नष्ट करायचा. नाहीतर त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या एखाद्या रीतीने.

व्युत्पत्तीवेडी: 'नष्ट' हा शब्द मोडक्या कपाटाला ठीक आहे. ज्याला सलाम केला त्याला नाही. विसर्जनात आदर आहे.

कप्पी: इथे मी ताईंच्या बाजूने.

मुद्रितशोधक: आदर आहे, कबूल. पण विसर्जन म्हटलं की मराठी माणसाचे पाय पाण्याकडे वळतात. पॉलिएस्टरचे झेंडे 2021च्या दुरुस्तीपासून चालतात. ते नदीत सोडले तर काठावरच्या गाळात पायदळी येतील. असा शब्द मी तरी छापू देणार नाही.