मदत हवी आहे: आजीच्या ओव्यांची कॅसेट, आवाज पुढेपुढे चिरका होत जातो

आजीच्या वर्षश्राद्धाला तिचाच आवाज ऐकवायचा आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला जात्यावरच्या ओव्या, दुसऱ्या बाजूला बाळंतिणीच्या डिंकलाडवांची कृती. गावातल्या कितीतरी बाळंतिणींचं तिनेच केलं, त्यामुळे ही बाजूही तितकीच मोलाची.

टेप सुस्थितीत आहे. बुरशी नाही, प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी गादी) जागेवर आहे. डेकचं हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) साफ करून लाइन-आउटमधून ऑडॅसिटीत (संगणकावरचं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर) ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिटला घेतलंय. मूळ फाइल वेगळी जपली आहे.

अडचण वेगाची. रेकॉर्डिंग सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर झालं. सेल उतरत गेले तशी टेप हळू फिरली, म्हणून आता आवाज भरभर आणि बारीक येतो. ऑडॅसिटीतल्या चेंज स्पीडने (सगळ्या फाइलचा वेग एकसारखा बदलणारी सोय) एकच टक्का लावला तर सुरुवात जमते, शेवट बिघडतो. स्लायडिंग स्ट्रेचने (वेग हळूहळू बदलत नेणारी सोय) आवाजाला धातूसारखी किनार येते.

दोन ओव्यांमधल्या शांततेत भिंतीवरच्या क्वार्ट्‌झ घड्याळाची टकटक ऐकू येते. एका सेकंदाचं अंतर सुरुवातीला ०.९४, शेवटी ०.८८ सेकंद भरतं. म्हणून टाइम ट्रॅक (बिंदू देऊन जागोजागी वेग ठरवता येणारी पट्टी) घेऊन, खालची मर्यादा ८० करून, वेग ९४ वरून ८८ टक्क्यांवर सरळ रेषेत उतरवला. दोन्ही टोकं जुळली, मधला भाग मात्र अजून किंचित वर लागतो.

नॉइज रिडक्शन सुचवू नका, जात्याची घरघर हवीच आहे. दुकानात द्यायचं नाही.

टाइम ट्रॅकवर मधले बिंदू दर किती मिनिटांनी द्यावेत, आणि जात्याच्या आवाजात टकटक बुडते तिथे वेग कशावरून ठरवावा?