बडोद्यात पहिली रीफ टाकी (कोरलांची खाऱ्या पाण्याची टाकी) लावायची आहे: 3 फुटी, दुसरा मजला. पाणी, उन्हाळा आणि दगड यांचं कसं करावं?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्यांची सवय आहे, खाऱ्या पाण्याला पहिल्यांदाच हात घालतोय. टाकी 36 × 18 × 18 इंच, काच 10 मिमी. खाली कपाटात 24 × 12 इंचांचा सम्प, म्हणजे गाळणी-पंपाची दुसरी टाकी. टाकी आणि सम्प मिळून फिरणारं पाणी साधारण 200 लिटर धरलंय. मऊ कोरल आणि दोन-तीन मासे, एवढंच हवंय.

नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 260 आहे, बोअरचा 1100. घरी पिण्याचा आरओ आहे, त्याचं पाणी 55 येतं. ते चालेल का? की कावी-कंबोईकडे जाणं होतं तेव्हा समुद्राचंच पाणी कॅनमध्ये भरून आणू? एक जण ओख्याकडून जिवंत दगड (जिवाणू आणि जीव वसलेले समुद्री दगड) आणून देतो म्हणतोय, घ्यावेत का? आणि पाणी गार करणाऱ्या चिलरशिवाय भागेल का? खोलीत एसी आहे, पण फक्त रात्री चालतो.

मांजलपूर_रीफ

पाण्यापासूनच सुरू करू, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

कावी-कंबोईचं पाणी आणू नका. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडताना पाहिलं असेल, तर त्या पाण्याचा रंगही पाहिला असेल. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, त्यामुळे गाळ कधी खाली बसतच नाही. त्यात महीचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून खारटपणा ऋतूप्रमाणे बदलतो. किनाऱ्यावरच्या कारखान्यांचं सांडपाणी वेगळंच. समुद्र जवळ आहे म्हणून त्याचं पाणी रीफला चालतं असं नाही.

पिण्याच्या आरओचं 55 टीडीएसचं पाणीसुद्धा सरळ वापरू नका. बहुतेक घरगुती आरओत चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो. तो मेंब्रेनमधून आलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत वर मिनरल कार्ट्रिजही असतं. त्या 55 मध्ये फॉस्फेट किती, सिलिका किती, तांबं किती, हे मीटर सांगत नाही. माशांना चालून जाणारं थोडंसं तांबंही कोरल आणि गोगलगायींचा जीव घेतं.

वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा) बसवा: 5 मायक्रॉनचा सेडिमेंट, मग कार्बन, 100 जीपीडीचा (दिवसाला 100 गॅलन) मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. दाब 60 पीएसआयच्या आसपास यावा म्हणून बूस्टर पंप लावा. 260 च्या नळाच्या पाण्यावर चांगला मेंब्रेन 10 च्या खाली देतो आणि डीआयनंतर मीटरवर 0 दिसला पाहिजे. बोअरचं 1100 चं पाणी दिलंत तर मेंब्रेननंतरच 40-50 उरेल, म्हणजे तेच रेझिन चार-पाच पट लवकर संपेल. म्हणून नळाचंच घ्या. वाया जाणारं पाणी तिपटीच्या आसपास असतं, ते पिंपात धरून लादी पुसायला वापरा.

मीठ रीफसाठी बनवलेलंच घ्या. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी यातलं काहीच नसतं. एका लिटरला साधारण 37 ग्रॅम लागतं, म्हणजे 200 लिटरला 7.4 किलो. फूड-ग्रेड पिंपात आधी पाणी, त्यात पंप चालू, मग मूठमूठ मीठ. उलट केलंत, म्हणजे मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा गाळ होतो आणि तो परत विरघळत नाही. रात्रभर फिरू द्या. खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या जवळ.

तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि त्याचा स्क्रू 35 पीपीटीच्या द्रावणावरच जुळवा. आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं की 35 ला बरोबर दाखवेलच याचा भरवसा नाही, दोन-तीन अंकांची चूक सहज निघते. काचेवर दोन थेंब टाका, झाकण दाबा, बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा टाका. अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरा आणि निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचा आकडा वाचा.

वेव्हमेकर

उन्हाळ्याचं मी सांगतो. टाकीचं तापमान 25-26 वर राहायला हवं. दिवसभरात एखाद्या अंशाचा फरक चालतो. 29 च्या वर दिवसेंदिवस राहिलं की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कोरल आपल्यातली शेवाळं बाहेर टाकून पांढरी पडतात.

बरेच जण पाण्यावर पंखा लावून मोकळे होतात. पंखा बाष्पीभवनाने गारवा देतो. वैशाखात बडोद्याची हवा कोरडी असते, तेव्हा तो दोन ते चार अंश खाली आणतो. पण आषाढ-श्रावणात हवाच ओलीचिंब, पाणी उडत नाही, मग गारवाही येत नाही. त्यामुळे पंख्यावरची टाकी मे महिन्यात तगते आणि ऑगस्टमध्ये ढासळते. ऑक्टोबरच्या उष्म्यातही तेच. दिवसा एसी नसेल तर चिलर घ्याच, 200 लिटरला 1/6 एचपी. तो बंद कपाटात ठेवू नका, स्वतःच फेकलेली गरम हवा परत ओढत बसतो. गरम हवा खिडकीकडे जाईल असा ठेवा. जानेवारीच्या रात्रींसाठी 200 वॉटचा हीटरही लागेल.

आता उडणारं पाणी. पंखा लावून रोज 4 लिटर उडालं असं धरा. उडतं फक्त पाणी, मीठ मागे राहतं. 200 चं 196 झालं की 35 चं 35.7 होतं. पाच दिवस घराला कुलूप लावून गावी गेलात तर 20 लिटर कमी आणि खारटपणा 39 च्या घरात. म्हणून भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्याची कधीच नाही. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) ही चैन समजू नका. त्याचं 25 लिटरचं पिंप सम्पच्या शेजारी ठेवा. सेन्सरवर मिठाचा थर किंवा गोगलगाय बसली तर तो सगळं पिंप आत सोडतो, म्हणून दुसरा सेफ्टी फ्लोट असलेलाच घ्या.

विजेचं: सगळं 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). प्रत्येक वायर प्लगपेक्षा खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाणार नाही. विश्वामित्री नदीला पूर आला की शहराच्या बऱ्याच भागात वीज बंद ठेवतात, 2024 च्या ऑगस्टमध्ये काही ठिकाणी ती लवकर आलीच नाही. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी टाकीत चढवणारा) आणि वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंप) मिळून 50 वॉट धरा. 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी घरातलं बाकी काही न चालवता 18-20 तास नेईल. चिलर आणि हीटर इन्व्हर्टरवर नकोत. इन्व्हर्टर साइन-वेव्हचा हवा, स्क्वेअर-वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात.

निळा_तळ

दगडांबद्दल जरा स्पष्टच सांगते. ओख्याचे जिवंत दगड घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये सगळी कठीण कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे येतात, म्हणजे वाघाच्याच यादीत. जामनगरकडचा तो पट्टा 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. दगडाला चिकटलेलं एक छोटं कोरलही गुन्हा ठरतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो रीफ आधीच गाळाशी झगडतोय.

सुका अ‍ॅरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा) दगड 14 किलो घ्या. दगड आधी काचेवर पक्का बसवा, वाळू नंतर टाका. वाळू आधी टाकली तर खाली पोखरणारा मासा किंवा कोळंबी सगळा डोलारा पाडते. वाळूही अ‍ॅरागोनाइटचीच, 1-2 मिमी, इंच-सव्वा इंच थर, साधारण 18 किलो. नर्मदेची किंवा महीची वाळू गोड्या टाकीत चालते, इथे नको. दगड मागच्या काचेपासून तीन बोटं सुटा ठेवा, नाहीतर मागे घाण साचते आणि हात पोचत नाही.

दगड कधीही उकळू नका. झोआ आणि पॅलिथोआ या कोरलांच्या जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. वाफेतून ते फुप्फुसात गेलं तर घरातले सगळे दवाखान्यात पोचतात. गरम पाण्याखाली ब्रशने घासणंही तितकंच वाईट. झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा.

एक विचारायचंय: जमीन कसली आहे? पाणी, काच, दगड, वाळू, कपाट मिळून 340 किलो होतात आणि ते जेमतेम साडेचार चौरस फुटांवर येतात.

दांडियाबाजारकर

ताई, बरं झालं विचारलंत. पुढची खोली जुनी, सागवानी तुळया आणि वर फरशी. मागची खोली नंतर बांधलेली, आरसीसी. टाकी पुढच्या खोलीत ठेवायचं ठरवलं होतं.

निळा_तळ

मागच्या खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून, बीमच्या जवळ. पश्चिमेची खिडकी असेल तर तिच्या समोर नको, दुपारचं ऊन शेवाळ वाढवतं आणि पाणीही तापवतं. पुढच्या खोलीचाच हट्ट असेल तर आधी इंजिनिअरला तुळया दाखवा. तिथे माझ्या किंवा कुणाच्या अंदाजावर जाऊ नका.

मांजलपूर_रीफ

आता सायकल, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं. पाणी 26 वर, पंप चालू, दिवे बंद. प्रयोगशाळेच्या प्रतीचं अमोनियम क्लोराइड सव्वा ग्रॅम विरघळवून घाला, 200 लिटरला साधारण 2 पीपीएम अमोनिया होतो. बाजारात कल्हईसाठी मिळणारा नवसागर तेच असला तरी शुद्ध नसतो, तो नको. सोबत बाटलीतले जिवाणू. 24 तासांत 2 चं 0 होऊ लागलं आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. तीन ते सहा आठवडे धरा. सुका दगड असल्याने घाई करू नका. आत मेलेली कोळंबी टाकून सायकल करण्याचा जुना सल्ला मिळेल, त्याने फॉस्फेट दगडात मुरतं आणि पुढे सहा महिने केसाळ शेवाळ निघत राहतं.

स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) 400 लिटरच्या रेटिंगचा. वेव्हमेकर आणि रिटर्न मिळून ताशी 4,000 लिटरच्या आसपास. पाण्याचा झोत वाळूवर सरळ मारू नका.

दिवे रोज 8 तास, सुरुवातीला 30 टक्क्यांवर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पूड दिसेल. ते डायटम (सूक्ष्म शेवाळ), सिलिका संपली की आपोआप जातात. त्यांच्यावर औषध ओतू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा आटापिटाही करू नका. दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट पसरतात, बुडबुडे धरलेला चिकट तपकिरी शेंबूड, आणि तो काढणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. नायट्रेट 5-15, फॉस्फेट 0.03-0.1, अल्कलिनिटी 8-9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1,300 ते 1,350. मऊ कोरलांना दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदललं तरी पुरतं, त्याला 740 ग्रॅम मीठ. वेगळं डोसिंग कठीण कोरल ठेवणाऱ्यांचं काम.

आधी आठ-दहा ट्रोकस गोगलगायी, दोन आठवड्यांनी ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी. टाकीत पैदास झालेलीच मागा. क्लाउनफिशची पैदास केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनेही यशस्वी केली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेली घ्यायचं कारण नाही. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही, आणि अ‍ॅनिमोन पहिल्या आठ महिन्यांत आणूच नका. तो जागा सोडून फिरतो आणि वेव्हमेकरमध्ये सापडला तर एका रात्रीत टाकी नासते. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तांब्याचं औषध लागलं तर तिथेच, मुख्य टाकीत एक थेंबही नाही. मँडरिन आणि निळा टँग या माशांची ही जागा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

कोरलात आधी मशरूम, मग झोआ, मग लेदर कोरल. पिकवलेल्या कोरलाचा तुकडा घ्या, पावती घ्या.

दांडियाबाजारकर

खूप आभार. मागची खोली पक्की केली. आता सम्पचं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली 3 इंच आहे. सम्पमध्ये पाण्याच्या वर 4 इंच मोकळे ठेवलेत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावलाय. वीज गेली तर पुरेल ना?

वेव्हमेकर

नाही पुरणार. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे 10.6 लिटर. वीज गेली की पाणी रिटर्नच्या तोंडापर्यंत उलटं खेचलं जाईल, म्हणजे जवळजवळ 32 लिटर. सम्पमधला एक इंच म्हणजे 4.7 लिटर, चार इंचांत 19 मावतील. उरलेले 13 लिटर खारं पाणी फरशीवर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, मिठाचा एक खडा अडकला की तो उघडाच राहतो. तोंड वर घेऊन पाऊण इंचावर आणा आणि पाइपला पाण्याच्या पातळीच्या खाली जेमतेम 1 सेंमीवर 5 मिमीचं भोक पाडा, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. मग साध्या पाण्याने भरा, पंप बंद करा, सम्प कुठपर्यंत चढतो ते पाहून स्केच पेनने रेघ मारा. रोजचं पाणी त्या हिशेबानेच ठेवा.

दांडियाबाजारकर

भोक पाडलं. आता सम्प काठाच्या दोन इंच खाली थांबतोय. रेघ मारलीय.

वेव्हमेकर

आता हेच तीनदा करून बघा, आणि एकदा भोकावर बोट दाबून. तेव्हाही काठाच्या आत राहिलं तरच मिठाची पिशवी फोडा.