न सापडलेल्या माणसाची भीती: तुमच्या गावचे अनुभव लिहा

केळीबाग_रावेर
काल रात्री 'मेमरीज ऑफ मर्डर' बघितला. बोंग जून-होचा, २००३ चा. कोरियातल्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ मध्ये दहा बायकांचे खून झाले, त्या तपासावरचा. सिनेमा आला तेव्हा खुनी कोण ते कळलंच नव्हतं. पाऊस, शेतं, अंधारात एकटी निघालेली बाई... मला तर आमची केळीची बागच दिसत होती. लहानपणी आमच्याकडे आवई उठली होती, बागेत कोणीतरी दडून बसतो. रात्रीची लाईट असली की वडील पाणी भरायला जायचे आणि आई दाराला मुसळ टेकवून ते परत येईपर्यंत जागी. कोण होता, होता की नाही, कधीच कळलं नाही. तुमच्याकडे असं काही घडलंय का?

आऊटर_सिग्नल
स्टोनमॅन!! १९८९. कलकत्त्यात फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालायचा, तेरा जीव गेले, तो सापडला नाहीच. त्याआधी मुंबईत सायन-किंग्ज सर्कलकडेही तसंच. आणि आमचं भुसावळ पडलं हावडा लाईनवर! येणारी प्रत्येक गाडी नवी बातमी घेऊन यायची. आजीचं एकच, "तो इथे उतरला तर?" पुढच्या उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरमधलं कोणी अंगणात खाट टाकेना. भुसावळचा मे महिना आणि घरात झोपायचं, विचार करा.

पारोळेकरीण
माय वो, हाई वाचीसन अंगवर काटा उना. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

पांझराकाठ
सिनेमात त्या गतिमंद पोराला मारून पोलीस कबुली वदवून घेतात ना, तिथेच मी बंद केला. मी साक्री तालुक्यातली. राईनपाडा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज गावोगाव फिरत होते. बाजाराच्या दिवशी पाच जण दिसले, नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठेचून मारले. टोळी नव्हतीच हो. माझ्या माहेरी दरवर्षी गोसावी यायचे, आई सुपाने धान्य घालायची. त्या वर्षी कोणी आलं नाही. ती पाच माणसं आमच्या तालुक्यात मेली हे मला अजून सोसत नाही.

आऊटर_सिग्नल
ताई, काय बोलू. तेव्हा धुळ्याला होतो, दोन दिवस घास उतरला नव्हता.

अमळनेरी
ह्वासाँगचा खुनी आता सापडलाय बरं का. २०१९ मध्ये डीएनए जुळला, ली चुन-जे. मेहुणीच्या खुनासाठी १९९४ पासून आतच होता! पण जुन्या खटल्यांची मुदत २००६ मध्येच संपलेली, त्यामुळे शिक्षा नाही. आणि पांझराकाठताई, आठव्या खुनात भलताच माणूस धरला होता. मारून कबुली घेतलेली. वीस वर्षं तुरुंगात काढली त्याने, कोर्टाने निर्दोष ठरवलं ते थेट २०२० मध्ये. मला खुन्यापेक्षा त्याचाच जास्त विचार येतो.

चोपडा_एक्सप्रेस
भाऊ, मी आज रात्री बघणार होतो 😭

अमळनेरी
बघा हो. शेवटी तो पोलीस सरळ आपल्याकडे बघतो, ते माहीत असूनही मला पाणी प्यावं लागलं.

धडगाव_मास्तर
आमच्या सातपुड्यात लागोपाठ माणसं आजारी पडली, मेली, कारण सापडेना, की एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. बहुतेकदा एकटी, विधवा, नावावर थोडी जमीन असलेली. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो. एका मुलीने उठून विचारलं, सर, माझ्या आजीसाठी हा आधी का नव्हता? उत्तर देता आलं नाही.

पारोळेकरीण
आले. लिहायला बसले होते, पण मास्तरांचं वाचून आमच्या वाड्यातल्या चोराची गोष्ट राहू दे. सर, ती मुलगी पुढे शिकली का?

धडगाव_मास्तर
हो ताई, नंदुरबारला नर्सिंगला आहे.

पारोळेकरीण
फार बरं वाटलं हो.

चोपडा_एक्सप्रेस
रावेरवाल्या ताई, केळीला भाव काय चाललाय तिकडे? आमची पुढच्या आठवड्यात कापणीला येतेय.

केळीबाग_रावेर
भावाचं भाऊला विचारून सांगते. चोपड्यात कुठे तुमचं शेत? माझी मावशी अडावदला असते.